पहिले आसन कोणाचे?

मार्गशीर्षाची थंडी अंगाला झोंबू लागली, की गीताजयंती व दत्तजयंती यांच्या मागेपुढे नाताळ येतो. पोर्तुगीज भाषेतून आलेला हा शब्द मराठीत असा काही मुरला आहे, की त्याचे परकेपण आता कोणास जाणवतही नाही. दिवाळीला आपण शेजारच्या ख्रिस्ती घरी फराळाचे ताट पाठविलेले असते. नाताळात ते ताट भरून परत येते. त्यातील नेवऱ्या आपल्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी निघाल्या, की मुलांना मोठी गंमत वाटते. शेजारधर्म येथवर उत्तम चालतो. परंतु ताटापलीकडे जाऊन, ज्याच्या जन्माचा हा सोहळा, त्याने आपल्या अनुयायांकडून नेमके काय मागितले, हे जाणून घेण्याची जिज्ञासा आपल्या भाविक घरांतून क्वचितच दिसते.

हरिकथेसाठी नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्याने येशू ख्रिस्ताविषयी का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांस आमचे उत्तर सरळ आहे. आमचे दैवत आम्हांस पुरेसे आहे आणि दुसऱ्याच्या दारी काही मागावयास जावे, अशी आमची स्थिती नाही. परंतु विनय हा गुण मोठा विलक्षण आहे. तो आपल्यापाशी आहे, असे वाटू लागले, त्याच क्षणी तो निघून गेलेला असतो. अशा गुणाची परीक्षा आपल्याच घरच्या आरशात होत नाही. शेजाऱ्याचा आरसा मागून आणावा लागतो. त्या आरशात दिसणाऱ्या मुखावरील डाग मात्र आपलेच असतात.

आमचे प्रतिपाद्य आरंभीच सांगतो. विनय हा अभ्यासाने अंगी बाणविण्याचा गुण नव्हे. पहिल्या आसनावर आपल्याखेरीज दुसरे कोणी विराजमान झाले, की तो मागोमाग आपल्या पायांनी चालत येतो. ख्रिस्ती जीवनाची सारी मांडणी या एका तत्त्वावर उभी आहे, आणि त्या तत्त्वाच्या कसोटीवर आज आपण घासून पाहिले पाहिजे.

शब्दांची कुळकथा

आपल्या भाषेत 'नम्र' हा शब्द 'नम्' धातूपासून आला. वाकणे हा त्याचा अर्थ. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाने या गुणास लॅटिन भाषेत 'हुमिलितास' म्हटले. या शब्दाच्या मुळाशी 'हुमुस' म्हणजे माती आहे. जो मातीशी समपातळीवर आहे, तो 'हुमिलिस'. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की हा 'हुमुस' आणि पृथ्वी या अर्थाचा आपला 'क्षम्' हे शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले. सर्वांचे पाय सोसून सर्वांना धान्य देणाऱ्या धरित्रीला आपण 'क्षमा' म्हणतो. त्याच मातीतून रोमन लोकांचा विनय उगवावा, हा योगायोग संस्कृतच्या अभ्यासकास सुखावणारा आहे.

त्याहून उद्बोधक गोष्ट ग्रीक भाषेची आहे. शुभवर्तमाने ज्या ग्रीक भाषेत लिहिली गेली, तीत या गुणासाठी 'तापेइनोस' हा शब्द येतो. ख्रिस्तपूर्व ग्रीक जगात या शब्दाला प्रतिष्ठा नव्हती. हलका, हीन, दासवृत्तीचा अशा अर्थांनी तो बहुधा वापरला जाई. वीराचे भूषण म्हणजे मान, आणि मानाला मुकलेला तो 'तापेइनोस'. ख्रिस्ती लेखकांनी हाच तुच्छतेचा शब्द उचलून सद्गुणांच्या पंक्तीत बसविला. एका शब्दाचा असा उद्धार होतो, तेव्हा त्यामागे एखाद्या जीवनाचा आधार असावा लागतो.

आपल्याकडे श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांची जी मालिका आहे, तिचा आरंभच 'अमानित्व' या शब्दाने होतो, आणि ज्ञानेश्वर माउलींनी त्या एका शब्दापाशी कितीतरी ओव्या थांबून तो उलगडला आहे. म्हणजे गुण आपल्याला अपरिचित नाही. तरीही तो ग्रंथात जितका आढळतो तितका व्यवहारात आढळत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गव्हाणीपासून आरंभ

येशूच्या जन्माची कथा लूककृत शुभवर्तमानात आली आहे. शिरगणतीसाठी बेथलेहेमास आलेल्या जोडप्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही. नवजात बालकाला गुरांच्या गव्हाणीत निजवावे लागले. त्याची वार्ता प्रथम पोहोचली ती राजवाड्यात नव्हे, रानात रात्रीचा कळप राखणाऱ्या मेंढपाळांच्या कानी. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी नाताळच्या रात्री गव्हाणीचा देखावा मांडून घेतला, तो राजपुत्राचा पाळणा लोकांना दाखविण्यासाठी नव्हे. ईश्वराने किती गरिबी पत्करली, हे डोळ्यांना दिसावे म्हणून. आज नाताळात घरोघरी जो गोठा मांडतात, त्याच्या परंपरेत या घटनेचे स्थान मोठे आहे. तो गोठा पाहून आपण केवळ सजावटीचे कौतुक करून परततो. त्यातील सिद्धांत असा आहे, की ईश्वर मनुष्यास भेटावयास आला, तो शिडीच्या वरच्या पायरीवर नव्हे, खालच्या पायरीवर येऊन थांबला.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात हाच सिद्धांत तात्त्विक भाषेत मांडला आहे. ख्रिस्ताने स्वतःचे ईश्वरी ऐश्वर्य घट्ट धरून न ठेवता स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले, असा त्याचा आशय. या रिते होण्याला ख्रिस्ती धर्मशास्त्रात 'केनोसिस' अशी संज्ञा आहे. आपल्या वाचकांना येथे बळीच्या दारी उभा असलेला बटू वामन आठवेल, अर्जुनाच्या घोड्यांना खरारा करणारा पार्थसारथी आठवेल. आठवण योग्यच आहे. मात्र एक सावधगिरी आम्ही सुचवू. ख्रिस्ती मनुष्य आपल्या प्रभूला अनेक अवतारांतील एक मानीत नाही. त्याच्या श्रद्धेत ते एकमेव अवतरण आहे. आपण औदार्याच्या भरात ख्रिस्ताला आपल्या देवघरातील एक कोनाडा देऊ करतो आणि ख्रिस्ती शेजाऱ्याने त्याबद्दल आनंद मानावा, अशी अपेक्षा ठेवतो. त्याला मात्र त्यात आपल्या निष्ठेचा उपमर्द वाटू शकतो. दुसऱ्याची श्रद्धा त्याच्याच शब्दांत ऐकून घेणे, हाही विनयाचाच एक प्रकार होय. ती श्रद्धा आपण स्वीकारावी असे नाही. अनन्यभक्ती काय असते हे आपल्या संतांनी आपल्याला शिकविले आहे. तेव्हा दुसऱ्याची अनन्यता आपल्याला तरी दुर्बोध वाटू नये.

गुरूच्या हाती पाण्याचे भांडे

ख्रिस्ती विनयाचे सर्वांत बोलके चित्र योहानकृत शुभवर्तमानात आहे. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री भोजनप्रसंगी येशू पंगतीतून उठला, अंगावरचे वस्त्र उतरवून कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी घेतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसू लागला. त्या काळी धुळीने माखलेले पाय धुणे हे दासांचे काम होते. पेत्र नावाच्या शिष्याला हे सहन होईना. त्याने पाय मागे घेतले. तेव्हा येशूने त्यास समजावले, की हे धुणे स्वीकारल्यावाचून माझ्यापाशी तुझा वाटा राहणार नाही. दुसऱ्यांचे पाय धुणे अवघड, परंतु आपले पाय धुऊन घेणे हे अहंकाराला कधीकधी त्याहून अवघड जाते! आणि विशेष हे, की त्या रात्री ज्यांचे पाय धुतले गेले, त्यांत काही घटकांनी विश्वासघात करणारा यहूदाही होता.

राजसूय यज्ञात अग्रपूजेचा मान ज्याचा, त्याच श्रीकृष्णाने अभ्यागतांचे पाय धुण्याचे काम पत्करले होते, हे आपल्या घरांतील वृद्धांना सांगावयास नको. सुदाम्याचे पाय धुणारा द्वारकाधीशही आपला परिचयाचा. परंतु या कथांचे मर्म आपण नीट पाहतो काय? दोन्ही परंपरांत पाय कोणी धुतले? शिष्याने गुरूचे नव्हे. गुरूने शिष्यांचे, राजाने दरिद्री मित्राचे. पाणी वरून खाली वाहिले. विनयाची जबाबदारी प्रथम त्याची, ज्याच्या हाती मान आहे, सत्ता आहे, विद्या आहे.

येथेच एक मोठा गैरसमज दूर झाला पाहिजे. जगात सर्वत्र विनयाचा उपदेश बलवानांनी दुर्बलांना केला आहे. मालक नोकराला सांगतो, नम्र राहा. सासू सुनेला सांगते, वाकून वाग. उच्च म्हणविणाऱ्या जातींनी खालच्या म्हणविल्या गेलेल्यांना शतकानुशतके हेच सांगितले. हा विनय नव्हे. ही दुसऱ्याच्या पाठीवर ठेवलेली आपल्या अहंकाराची गोणी होय. येशूने या विषयावर जे कठोर शब्द उच्चारले ते कोणाला उद्देशून होते, हे शुभवर्तमानांतून पाहावे. मेजवानीत मानाची जागा हेरून बसणाऱ्या पाहुण्यांना. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना. आपण इतरांसारखे पापी नाही याबद्दल मंदिरात देवाचे आभार मानणाऱ्या परूश्याला, ज्याच्यापेक्षा दूर उभा राहून छाती पिटणारा जकातदार देवाला प्रिय ठरला. आणि आपल्या राज्यात उजवीकडची व डावीकडची आसने आम्हांस द्या, अशी मागणी करणाऱ्या याकोब व योहान या स्वतःच्याच लाडक्या शिष्यांना. वधस्तंभाकडे निघालेल्या गुरूकडे शिष्य आसनांची वाटणी मागतात, हा प्रसंग वाचताना हसू येते आणि लगेच ते ओठांवरच विरते.

वराचा मित्र

ख्रिस्ताला प्रथम स्थान देणे म्हणजे काय, याचे उदाहरण म्हणून ख्रिस्ती परंपरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे बोट दाखविते. हा येशूच्या आधी प्रसिद्धीस आलेला तपस्वी. उंटाच्या केसांचे वस्त्र, रानमध आणि टोळ यांचा आहार; यार्देन नदीच्या काठी त्याच्याभोवती लोकांची रीघ लागलेली. मग येशू आला आणि गर्दी तिकडे वळू लागली. योहानाच्या शिष्यांना ते झोंबले. त्यांनी गुरूपाशी गाऱ्हाणे नेले. योहानाने दिलेल्या उत्तराचा भावार्थ असा, की लग्नात वधू वराची असते. वराच्या मित्राने वराचा आवाज ऐकून आनंद मानावा, आपली ज्योत मंदावून त्याचा उदय व्हावा, यातच मित्राचे समाधान आहे.

आम्हां कीर्तनकारांना हा प्रसंग विशेष शिकविणारा आहे. शेजारच्या मंडपातील कीर्तनाला आपल्यापेक्षा अधिक श्रोते जमले, तर आपल्याला काय वाटते? तेथे नामघोष अधिक मोठा झाला म्हणून आनंद, की आपला मंडप रिकामा पडला म्हणून खंत? या एका प्रश्नाच्या उत्तरात पहिल्या आसनावर पांडुरंग आहे की आपण, हे स्पष्ट होते. कीर्तनाच्या शेवटी श्रोते पाया पडतात, ते गादीच्या पाया पडतात. नारदाच्या त्या गादीवर काही घटका उभे राहण्याची आपल्याला केवळ परवानगी असते. येशूने यरुशलेमेत प्रवेश केला तेव्हा लोकांनी वाटेवर वस्त्रे अंथरली, झाडांच्या डहाळ्या पसरल्या. ज्या शिंगरावर तो बसला होता, त्याने तो सन्मान आपलाच समजला असता, तर त्याला आपण काय म्हटले असते? मान वाहून नेणे आणि मान घेणे यांतील भेद त्या मुक्या जनावराला कळत नसेल. चार शास्त्रे पढलेल्यांस तरी कळावा.

जर्मनीतील थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी तीन लॅटिन आद्याक्षरे लिहीत असे. गौरव केवळ ईश्वराचा, असा त्यांचा अर्थ. आपल्याकडे 'कृष्णार्पणमस्तु' म्हणून पाणी सोडतात, तीच ही वृत्ती. पाणी सोडल्यावर त्यातील काही ओंजळीत राहिले का, हे पाहणे मात्र प्रत्येकाने स्वतःच करावयाचे असते.

उतरण्याच्या बारा पायऱ्या

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीत मोंते कासिनो येथील मठात संन्याशांसाठी एक नियमग्रंथ रचला. पाश्चात्त्य ख्रिस्ती मठजीवनाचा तो पाया होय. त्याच्या सातव्या प्रकरणात विनयाच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि ख्रिस्तप्रेमाहून अधिक प्रिय काहीच मानू नये, ही आज्ञा ग्रंथात दोन ठिकाणी भेटते. मौज अशी, की या उच्च तत्त्वज्ञानाची अंमलबजावणी ग्रंथकर्त्याने स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आहे. मठातील बंधूंनी आठवड्याच्या पाळीने स्वयंपाक व वाढप करावे. पाळी संपविणारा आणि सुरू करणारा यांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत. दारी आलेल्या अतिथीचे स्वागत साक्षात ख्रिस्त आला असे समजून करावे. आपल्या 'अतिथिदेवो भव' या वचनाशी हे किती जुळते! विनय सभेतील भाषणात दिसत नाही, तो मोरीपाशी आणि चुलीपाशी दिसतो, हे त्या द्रष्ट्या मठाधिपतीने ओळखले होते.

परंतु कोणताही आचार रूढी होऊन बसला, की त्यातील प्राण निसटतो, हेही ख्रिस्ती इतिहासच सांगतो. इंग्लंडचे राजे पुण्य गुरुवारी गरिबांचे पाय धूत. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या काळी सेवक ते पाय आधी स्वच्छ करून ठेवीत आणि मग राणी ते धुई. पुढे पाय धुणे मागे पडले. आता राजघराण्याकडून त्या दिवशी वृद्धांना नाणी वाटली जातात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोर ग्रेगरीने 'देवाच्या दासांचा दास' हे बिरुद आवडीने धारण केले. पुढे तेच बिरुद मिरविणाऱ्या काही पोपांचा थाट सम्राटांना लाजविणारा होता. दास म्हणवून घेणे सोपे; दासासारखे वागवून घेणे कठीण. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पदावर येताच पहिल्या पुण्य गुरुवारी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. रूढीच्या चौकटीत अडकलेले पाणी पुन्हा वाहते झाले, म्हणून जगाला त्याचे अप्रूप वाटले.

गोव्याचे स्मरण

इतके लिहिल्यावर एक गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोकण-गोव्यातील कुटुंबांच्या स्मृतीत ख्रिस्ताचे नाव सत्तेच्या तलवारीशी जोडलेले आहे. पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली; मंगेश, शांतादुर्गा यांसारखी दैवते भक्तांनी रातोरात नदीपार अंत्रुज महालात नेली. १५६० साली गोव्यात स्थापन झालेले धर्मन्यायालय १८१२ साली कायमचे बंद झाले. हे दुःख विसरा, असे सांगण्याचा अधिकार कोणास नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याने गव्हाणीत जन्म घेतला आणि दासाचे काम केले, त्याचे नाव घेऊन हे घडले, तेव्हा पहिल्या आसनावर तो नव्हता. त्या आसनावर राज्य होते आणि तो राज्याच्या पालखीचा भोई करण्यात आला होता. देवाला दुसऱ्या क्रमांकावर बसविले, की धर्माचे काय होते, याचा तो धडा आहे, आणि तो कोणा एका धर्मापुरता नाही.

त्याच साष्टी प्रांतात फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट आयुष्यभर राहिला. १५७९ साली तो गोव्यास आला. युरोपच्या विद्येचा अभिमान बाळगून त्याला आपली कथा पोर्तुगीज भाषेत सांगता आली असती. त्याने मात्र आपल्या संतकवींची ओवी आत्मसात केली आणि १६१६ साली राचोल येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापविले. सत्तेच्या छायेत तो राहत होता, हे खरे. तरी परक्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसणे, तिच्या सौंदर्याने भारावून जाऊन तिचे स्तवन करणे, यासाठी जो विनय लागतो तो त्याच्यापाशी होता. मराठी शारदेच्या मंदिरात त्याचे नाव आदराने घेतले जाते, ते याच कारणाने.

महाराष्ट्रातील साक्षी

संस्कृत विद्येने नम्र होण्याऐवजी ताठ होण्याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. म्हणून पंडिता रमाबाईंचे उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते. अठरा पुराणांच्या पठणात वाढलेल्या या विदुषीला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितसभेने 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि महाराष्ट्रात वादळ उठले. त्यांच्या धर्मांतराविषयी आपले मत काहीही असो. पुढील आयुष्य पाहावे. दुष्काळात निराधार झालेल्या, समाजाने टाकलेल्या शेकडो मुलीबाळींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात पोटाशी धरले. पंडितांच्या सभेत अस्खलित संस्कृत बोलणाऱ्या या बाईंनी अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करण्यात घालविली, आणि तेही कमी शिकलेल्या बायकांना समजावे अशा सोप्या मराठीत. १९२२ साली त्यांचा अंत झाला. विद्वत्तेने स्वतःहून खाली उतरून अडाण्याच्या शेजारी बसावे, याहून विद्येचे मोठे उद्यापन कोणते?

दुसरी साक्ष रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, असे ते सांगत. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी भजन-कीर्तन आणले, 'अभंगांजली' रचली. १९१७ साली मिशनची नोकरी व तिचे स्थैर्य सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. दरबार देवाचा, त्यात ना मिशनचे सिंहासन, ना टिळकांचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपले सोवळे-ओवळे, जातीचा अभिमान आणि त्याचे गळून पडणे यांची हकीगत अशा निर्मळ विनोदाने सांगितली आहे, की स्वतःवर हसता येणे ही विनयाची खरी खूण होय, हे पटते. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले, शाळेचे तोंड न पाहिलेल्या असून!

आपल्या घरात, आपल्या देवळात

आता आरसा आपल्याकडे वळवू. पंढरीच्या महाद्वारात नामदेवरायांची पायरी आहे. संतांच्या चरणांची धूळ आपल्यावर पडावी, या इच्छेने ते पायरीखाली विसावले. वारीत लहान-थोर एकमेकांच्या पायी लागतात, तेथे वय, वर्ण, विद्या कोणी विचारीत नाही. ज्या परंपरेने इतके उंच उदाहरण घालून दिले, तिच्याच देवळांत आज काय दिसते? देणगीदाराचे नाव पूर्वी पायरीच्या फरशीवर कोरीत. भक्तांचे पाय त्यावर पडावेत हा हेतू असे. आता नाव डोळ्यांच्या उंचीवर, देवाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत झळकते. उत्सवाच्या फलकावर देवाची मूर्ती कोपऱ्यात आणि कार्यकर्त्यांच्या छबी मध्यभागी. आठ-दहा तास रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीच्या पुढून मान्यवर थेट गाभाऱ्यात जातात. कीर्तनाची बिदागी किती, यावरून कीर्तनकाराची योग्यता ठरते, आणि आम्ही कीर्तनकारही ती तशी ठरू देतो.

घरातही हेच. देवघर सर्वांत उंच जागी असते, परंतु घरात शेवटचा शब्द कोणाचा? सणाच्या दिवशी पहाटेपासून राबणारी सून सर्वांचे उरकल्यावर थंड झालेले अन्न खाते, आणि नैवेद्य देवाला पावला असे आपण समजतो. ज्या घरात कर्ता पुरुष एखाद्या सणाला स्वतः वाढपी होऊन सर्वांत शेवटी जेवेल, त्या घरातील नैवेद्याची गोडी देवालाही वेगळी लागेल, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, यासाठी ख्रिस्ताचे नाव काढण्याची काय गरज होती. नामदेव, एकनाथ, तुकोबा पुरेसे नव्हते काय? होते, परंतु त्यांची नावे आपल्या इतकी सवयीची झाली आहेत, की ती उच्चारताना आपण निवांत असतो. शेजाऱ्याच्या घरी तोच दिवा लागलेला पाहिला, की आपल्या देवघरातील वात काजळली आहे, हे चटकन ध्यानात येते. काजळी झाडावयाची ती आपल्याच वातीची. तेल घालावयाचे ते आपल्याच समईत.

म्हणून येत्या नाताळात शेजारच्या घरी ताट घेऊन जाल, तेव्हा तेथे मांडलेल्या गोठ्यापाशी क्षणभर थांबावे. ज्याला ते पहिले आसन देतात, त्याने स्वतःसाठी गव्हाण निवडली, हे ध्यानी घ्यावे. आणि परतल्यावर सायंकाळी देवापुढे निरांजन लावताना स्वतःला इतकेच विचारावे : येथे पहिले आसन कोणाचे? उत्तर मोठ्याने देण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या दिवशी घरात पंगत बसेल, तेव्हा शेवटच्या पाटावर कोण बसते, यावरून ते सर्वांना आपोआप कळेल.